मीझ, हंडा चढव

आमच्या बायू सेलेस्तच्या दोन्ही काठांवर मिळून साठ घरं. बायू म्हणजे संथ ओढा: मधे काकवीच्या रंगाचं पाणी, पाण्यामागे उसाची शेतं, उसामागे साखर कारखान्याचं धुराडं. या साठ घरांनी देशाला दोन गोष्टी दिल्या. एक साखर. ती कोणाच्या कॉफीत विरघळली ते आम्हाला कधी कळलं नाही. दुसरं एक गाणं. ते न्यू ऑर्लिन्सच्या नाचघरांत वाजलं, मोठ्या नदीवरच्या बोटींवर वाजलं, शिकागोच्या बर्फात वाजलं. पायात बूट असलेली माणसं त्याच्यावर नाचली आणि नसलेलीही नाचली.

ज्या बाईच्या नावाचं ते गाणं, तिचं नाव आर्तेमीझ गास्पार. गाव तिला मीझ म्हणे. अलीकडच्या काठावर, लाकडी पुलाला लागून, शेवटचं घर तिचं. अंगणात तीन दगडांवर एक लोखंडी हंडा होता, अर्धा माणूस आत बसेल एवढा. मंगळवारी पहाटे ती त्याच्याखाली जाळ करायची आणि गावाचे कपडे उकळायची. हाडापेरानं मोठी बाई. ओली चादर पिळताना तिच्या मनगटांकडे पाहिलं की पुरुषांना आपले हात खिशात घालावेसे वाटायचे. बोलायची थोडं. हसायची त्याहून थोडं. पण कोणाच्या सदऱ्याला गुंडी नसली तर न सांगता लावून द्यायची.

तिचा पहिला नवरा लुदोविक. कारखान्यात तो काहिलीवर होता आणि मी त्याच्या शेजारच्या काहिलीवर. उकळत्या रसावरची मळी लांब दांड्याच्या झाऱ्यानं ओढायची, हे आमचं काम. एका नोव्हेंबरात सांडलेल्या पाकावरून त्याचा पाय सरकला आणि तो कमरेपर्यंत आत गेला. बाहेर ओढला मीच. माझ्या हातांवर अजून डाग आहेत.

लुदोविक एकोणीस दिवस जगला. आमच्याकडे रीत अशी, की घरात माणूस अंथरुणाला खिळलं की त्या घरची चूल शेजाऱ्यांनी बंद करायची. रोज एकेका घरानं शिजवलेलं अन्न हंड्यातून नेऊन द्यायचं. पण तो चरकाचा हंगाम होता. ऊस तोडल्यावर थांबत नाही, आणि ऊस थांबत नाही म्हणून माणूसही थांबत नाही. आम्ही घरी यायचो ते पडायला. एकोणीस दिवसांत मीझच्या दारात एकही हंडा गेला नाही. माझ्या घरून सुद्धा नाही. ती एका हातानं नवऱ्याच्या अंगाला चरबी लावायची आणि दुसऱ्या हातानं आमचेच कपडे पिळायची.

सहा वर्षं ती काळ्या कपड्यात राहिली. मग १९११ साली तिनं ठरवलं, की पुन्हा लग्न करायचं. ती एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा मुलगा सव्वीसचा, नाव वालसँ, शेजारच्या परगण्यातून गाड्यांची चाकं करायला आलेला. तो माणसाशी बोलतानाही लाकडाकडे बघायचा. सगळ्या आयुष्यात त्याला कोणी कधी मोठ्यानं हाक मारली नसावी असं वाटे. मीझनं त्याच्यात काय पाहिलं ते गावाला कळलं नाही. मला थोडं कळलं होतं. चाकाचा आरा बसवताना तो दोन्ही हात ठेवून आधी नुसता थांबायचा, जनावर बुजू नये म्हणून थांबतात तसा.

विधवेनं लग्न केलं की आमच्याकडे शारिवारी होते. लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला सगळं गाव तिच्या दारात जमतं. तवे, घंटा, नांगराचे फाळ, मेलेल्या घोड्याचा जबडा, जे वाजेल ते वाजवायचं, आणि नवरा-नवरीच्या नावाची वेडीवाकडी गाणी म्हणायची. त्यांनी दार उघडायचं, गंबोचा, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्याचा, हंडा चढवायचा, गावाला जेवू घालायचं. गाव जेवलं की म्होरक्या झाकणावर तीनदा पळी मारतो आणि म्हणतो, "जेवलो. मिटलं." नाही जेवू घातलं तर उद्या पुन्हा. परवा पुन्हा. फक्त राखेच्या बुधवारी थांबायचं, कारण तिथून उपासाचे चाळीस दिवस लागतात आणि त्यात वाजवणं पाप.

आमचा म्होरक्या ओव्हिद. पेशानं दाढ्या करणारा, आणि गावच्या बँडचा कप्तान. कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, तोच वाजवायचा. मयताला बँड तोच न्यायचा: जाताना पाय ओढत, रडकं; माती देऊन परतताना नाचरं, म्हणजे जिवंत माणसांना आपण जिवंत असल्याचं आठवावं. ओव्हिदनं दिलेला शब्द कधी मोडला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरंही होतं. माझ्याकडे मोठा ढोल होता.

मीझचं लग्न बुधवारी झालं. संध्याकाळी आम्ही गेलो. ओव्हिदनं कॉर्नेट वर केलं आणि तिथल्या तिथे एक चाल काढली. अशी चाल माणसाला आयुष्यात एकदाच सुचते. चार सूर वर, दोन खाली, आणि मधे अशी एक ठेच, की पाय आपोआप उचलला जावा. त्यावर आम्ही शब्द टाकले:

मीझ गं मीझ, हंडा चढव,
पाहुणे आले, झाकण उघड.

दार उघडलं नाही. खिडकीची फळी बाजूला झाली.

"काय पाहिजे?" मीझनं विचारलं.

"तुझ्या हातचा गंबो, नवरीबाई!" ओव्हिद ओरडला. "कोंबडी घाल, भेंडी घाल, आणि हात आखडू नकोस!"

"लुदोविक एकोणीस दिवस इथं पडून होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमच्यातल्या एकाच्याही हंड्याला वाट सापडली नाही. आज सगळ्यांना बरी सापडली."

कोणीतरी तवा वाजवायचा थांबला. मग मागून एक बाई म्हणाली, "अगं, तेव्हा हंगाम होता!"

"मग आता माझा हंगाम आहे," मीझ म्हणाली आणि फळी लावून घेतली.

तेवढ्यावर परतायला हवं होतं. पण खरं बोलणं ऐकून गप्प बसावं लागलं की गावाला राग येतो, आणि चाल इतकी चांगली होती की ती सोडवेना. दुसऱ्या संध्याकाळी लोक दुप्पट आले. रोज कोणीतरी नवं कडवं करून आणायचं. नवऱ्याला शाळेत सोडून ये, त्याच्या डब्यात भाकर दे. नवऱ्याला धुऊन वाळत घाल, आटला तर झबलं शिव. शनिवारी पलीकडच्या गावाची माणसं होड्यांतून ऐकायला आली. तेलेमाक म्हणून आमचा क्लॅरिनेटवाला होता, त्यानं त्या ठेचेच्या जागी अशी एक किंकाळी बसवली, की कुत्री देखील ताल धरून भुंकायची.

घरात मात्र दिवा हलायचा नाही. मीझ दिवस मोजत होती. सोमवारी धुणं न्यायला आली तेव्हा माझी बायको तिला म्हणाली, "एक कोंबडी काप गं बाई, आणि सुटका करून घे."

"राखेचा बुधवार पुढच्या आठवड्यात आहे," मीझ म्हणाली. "तोपर्यंत ओरडा. वालसँला मी सांगितलंय, पाऊस समज. थांबतोच."

हे बायकोनं मला सांगितलं, आणि मला ते झोंबलं. पाऊस म्हणाली. मी दुसऱ्या सोमवारी, तेराव्या संध्याकाळी, एक कडवं घेऊन गेलो. आठ दिवस घासून केलं होतं. ढोल वाजवतच ते मी एकट्यानं म्हटलं:

पहिला तुझा काहिलीत शिजला,
दुसरा बसला चुलीशी;
मीझ गं मीझ, खरं खरं सांग,
त्याला कधी गं शिजवशी?

मग असा हशा उसळला, की पुलावरची माणसं कठडा धरून खाली बसली. लुदोविकला बाहेर ओढणारा मीच होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मी म्हणालो म्हणजे म्हणायला हरकत नव्हती. ते कडवं आम्ही वीस वेळा म्हटलं.

मंगळवारी उजाडताना वालसँ हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन पुलावरून गेला. मी बादलीनं गाईला पाणी देत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुलाच्या मधल्या फळीवर थांबून तिची सैल झालेली खुंटी पायानं ठोकून बसवली, आणि मग गेला. त्या संध्याकाळी आम्ही शेवटचं वाजवायला गेलो तर दार सताड उघडं होतं. चूल थंड. मीझ स्टुलावर बसली होती, हात गुडघ्यांवर.

"या," ती म्हणाली. "दार उघडलंय."

कोणी आत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. एका दिवसानं हुकलं.

गाणं मात्र उपासातही राहिलं, लोकांच्या ओठांच्या आत. तेलेमाक शहरात गेला आणि बरोबर ते घेऊन गेला. नाचघरात त्यानं एकदा वाजवलं आणि लोकांनी सहा वेळा वाजवायला लावलं. दुसऱ्या बँडवाल्यांनी कान लावून उचललं. बोटीवरून ते नदीनं वर गेलं. दहा वर्षांत त्याची तबकडी निघाली. तबकडीवर भलत्याच माणसाचं नाव होतं, ज्यानं ऊस उभा कसा असतो तेही पाहिलं नसेल. कडवी बारा गळली होती. उरलं होतं ध्रुवपद आणि माझं कडवं. साखरेची काहील जाऊन तिथे सूपचा हंडा आला होता, आणि "शिजला" म्हटल्यावर गाणारा खो खो हसायचा. त्या हसण्याच्या जागी आधी माझा ढोल होता.

चौकातल्या फुल्झाँसच्या दुकानात ग्रामोफोन आला, तेव्हा ती तबकडी आमच्याकडे परत आली. एका शनिवारी मीझ मीठ घ्यायला गेली. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. दुकानात पोरी नाचत होत्या.

"मीझमावशी, ऐक ऐक!" फुल्झाँस कर्ण्याकडे बोट दाखवत म्हणाला. "अगं, तू प्रसिद्ध झालीस! शिकागोत लोक तुझं नाव घेऊन घाम गाळतात!"

"बंद कर ते."

"आता कसं बंद होणार? आता काय ते फक्त आपल्या गावात आहे?"

"इथलं बंद कर. तिथलं मला कुठं ऐकू येतंय?"

तो हसला आणि त्यानं तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावली. मीझ मीठ न घेताच निघाली. दुकानातून सरळ ओव्हिदकडे आली. मी खुर्चीत होतो, तोंडाला फेस लावलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"ओव्हिददादा," ती म्हणाली, "शारिवारीची मुदत संपते का?"

ओव्हिदनं वस्तरा पुसला. "मुदत नसते. अकरा वर्षं काय नि शंभर काय. हंडा चढला, गाव जेवलं, की मिटलं."

"मग ते गाणं?"

"मग या काठावर ते कोणी वाजवणार नाही. मी आहे तोवर नाही. फुल्झाँसची तबकडी मी स्वतः बायूत टाकीन."

"शब्द?"

"शब्द."

तिनं मान हलवली. "दादा, मला दुसरं काही नको. वालसँ येणार नाही, ते मला कळतं. मला फक्त एकदा धुणं धुताना पाण्याचा आवाज ऐकायचाय."

त्या वेळी ओव्हिदच्या मनात काही कपट नव्हतं. घरं बहुतेक अलीकडच्या काठावर, दुकान इथलंच, बँडची खोली इथलीच. काठ म्हटलं की आम्हाला हाच दिसायचा.

त्या वर्षी चरक बंद झाल्यावर, जानेवारीतल्या एका रविवारी, मीझनं गावाला बोलावलं. एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं तिच्याकडे एकच होतं. धुण्याचा तो हंडा तिनं तीन दिवस राख आणि वाळू लावून घासला. चौदा कोंबड्या कापल्या. होत्या तेवढ्या सगळ्या. पोसलेलं डुक्कर कापलं, धुरावर सुकवलेलं मांस काढलं. चरबीत पीठ घालून ती पहाटेपासून ढवळत होती, जळू न देता, तांबूस, मग तपकिरी, मग जुन्या खोगिरासारखं काळपट होईपर्यंत. तो वास बायूच्या वळणापर्यंत गेला. मी अनेक लग्नं जेवलो, अनेक मयतं जेवलो. तसा गंबो पुन्हा खाल्ला नाही.

"साबणाचा फेस येतोय का रे?" कोणीतरी पहिल्या घासाला म्हणालं.

"येऊ दे, तुझं तोंड तरी धुवून निघेल," त्याची बायको म्हणाली, आणि सगळे हसले. मीझही हसली. तिचे पुढचे दोन दात गेले होते हे मला तेव्हा कळलं. अकरा वर्षांत तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

ती प्रत्येकाच्या ताटलीत स्वतः वाढत होती. माझ्यापाशी आली. पळीभर घातलं. थांबली. कोंबडीची तंगडी शोधून तीही घातली. "खा, झेफिरँ," म्हणाली. मी खाल्लं.

मग ओव्हिद उठला. हंड्याच्या झाकणावर पळीनं तीनदा मारलं. "जेवलो," तो म्हणाला. "मिटलं."

मीझनं डोळे मिटून घेतले. कडेला बसलेल्या बायांपैकी एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हवेत गारवा होता, ऊन पिवळं होतं, आणि अंगणात शंभर माणसं पोटभर जेवून बसली होती. तेवढ्यावर परतायला हवं होतं.

पण पोट भरलं की पायांना काहीतरी हवं असतं. बँडनं एक गाणं वाजवलं, दुसरं वाजवलं. दोघं-चौघं उठले आणि बसले. शहरातून आलेली तरणी मंडळी होती, ती हळूच म्हणू लागली, "ते वाजवा की. खरं कसं वाजतं ते ऐकू दे की एकदा, तुमच्या हातचं."

"शब्द दिलाय," ओव्हिद म्हणाला. पण मी त्याच्या शेजारी होतो. त्याची बोटं कॉर्नेटच्या कळांवर कोणत्या सुरांना चाळवत होती ते मला दिसत होतं. चाल त्याची होती. साऱ्या देशानं वाजवली आणि कुणी त्याचं नाव घेतलं नाही. अकरा वर्षांनी लोक ती त्याच्याकडे मागत होते.

मीच म्हणालो, "दादा, तुमचा शब्द या काठाचा आहे."

ओव्हिदनं माझ्याकडे पाहिलं. मग पुलाकडे पाहिलं.

आम्ही मीझचा निरोप घेतला, रीतीनं, एकेकानं तिचा हात धरून. "छान जेवलो, मीझमावशी." "हात सोन्याचे तुझे." ती प्रत्येकाला म्हणत होती, "या हं पुन्हा." पूल ओलांडताना आम्ही गप्प होतो, देवळात जाताना असतात तसे. मधल्या फळीवर मी ढोलाचा पट्टा खांद्यावर चढवला. मागून शंभर माणसं येत होती. पलीकडे उतरल्यावर ओव्हिद वळला, पाण्याकडे तोंड केलं, आणि वाजवलं.

तसं ते कधीच वाजलं नव्हतं. तबकडीत नाही, त्या तेरा संध्याकाळींत नाही. पोटात तिचंच अन्न होतं, अंगात ऊब होती. पाण्यावरून आवाज घट्ट जातो. चाळीस पावलांवर मीझ हंडा विसळायला काठाशी आली होती. तिचे हात हंड्यात होते. माझ्या कडव्याशी आलो तेव्हा मी ढोल थांबवला, म्हणजे शब्द नीट ऐकू जावेत, आणि शंभर तोंडांनी ते म्हटलं. "शिजला" या शब्दावर शहरातली पोरं तबकडीतल्यासारखी खो खो हसली.

ती आत गेली नाही. आमचं संपेपर्यंत हंडा धूत राहिली. मग तो उचलून तीन दगडांवर ठेवला, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ती नेहमीसारखी धुणं न्यायला आली. माझा सदरा गुरुवारी परत आला, इस्त्री केलेला. त्याची एक गुंडी तुटली होती. ती तशीच होती.

फुल्झाँसची तबकडी ओव्हिदनं सांगितल्याप्रमाणे बायूत टाकली. या काठावर ते गाणं पुन्हा वाजलं नाही. सहा वर्षांनी मीझ गेली तेव्हा ओव्हिद सत्तरीला आला होता, पण तिच्या मयताला कॉर्नेट त्याचंच होतं, आणि ढोल माझा. दिलेला शब्द त्यानं तेव्हाही मोडला नाही.

आमची दफनभूमी पलीकडच्या काठावर आहे.